वारा अडवावा, पण हवेला वाट ठेवावी
(ध्रुवप्रदेशातील तीन निवाऱ्यांवरून एक अभ्यास)

घर म्हणजे चार भिंती आणि वर छप्पर, अशी आपणा सर्वांची सर्वसाधारण समजूत असते. पण भिंती उभ्या आहेत, छप्परही घातले आहे, मात्र दारे-खिडक्यांचे सांधे अजून भरावयाचे राहिले आहेत, अशा अपुऱ्या घरात मृगाच्या वादळी रात्री कोणी राहून पाहावे, म्हणजे त्या समजुतीतील उणेपण तत्काळ ध्यानात येईल. बाहेरचा वारा भिंत फोडून येत नाही. तो फटीतून येतो. बोटभर रुंदीच्या एका फटीतून आलेली झुळूक सबंध खोलीची ऊब घेऊन जाते, दिवा विझवते आणि अंथरुणावर पडलेल्या माणसाचे अंग गारठवून टाकते. यास्तव घर पुरे झाले असे केव्हा म्हणावे, तर त्याच्या फटी बुजल्या म्हणजे.

आपल्याकडे ही गोष्ट गैरसोयीची असते, एवढेच. जगाच्या पाठीवर असे प्रदेश आहेत की जेथे फट बुजली की नाही यावर माणसाचे जगणे वा मरणे अवलंबून असते. अशा प्रदेशांत, गावापासून शेकडो कोस दूर, हाती पुरेसे सामान नसताना, काही माणसांनी निवारे उभारले व ते राहण्याजोगे केले. त्यांतील तिघांची हकीकत आम्ही येथे सांगणार आहोत. मनोरंजनापेक्षा या हकीकतींतून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. आणि त्यातला एक धडा तर असा आहे की, तो प्रत्येक घरी सर्वांना ठाऊक असावयास हवा.

फटीचे गणित

प्रथम फट म्हणजे केवढी आपत्ती असते ते पाहू. एक दार 7 फूट उंच व 3 फूट रुंद आहे असे समजा. त्याची परिमिती 20 फूट, म्हणजे 240 इंच झाली. दार आणि चौकट यांच्यामध्ये सभोवार अवघी एक अष्टमांश इंचाची फट राहिली आहे. आता 240 ला 8 ने भागा. उत्तर येते 30 चौरस इंच. म्हणजे दारात 6 इंच लांब व 5 इंच रुंद असे एक भोक पाडून ठेवले असते, तर जेवढी वाट वाऱ्याला मिळाली असती, तेवढीच या न दिसणाऱ्या फटीने मिळाली! भिंतीला एवढे भोक पडलेले कोणीही गृहस्थ एक दिवसही खपवून घेणार नाही; पण दाराभोवतीची फट मात्र वर्षानुवर्षे तशीच राहते. थेंबे थेंबे तळे साचे ही म्हण फटींनाही लागू आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

वारा घरात शिरतो त्याची कारणे मुख्यतः दोन. पहिले कारण वाऱ्याचा दाब. वारा ज्या भिंतीवर आदळतो तेथे हवा दाबली जाते व ती फटींतून आत घुसते. त्याच वेळी घराच्या पाठीमागच्या बाजूस दाब कमी होतो व तेथील फटींतून आतली उबदार हवा बाहेर ओढली जाते. हा दाब वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. यावरून एक गोष्ट उघड होते. केवळ समोरच्या फटी बुजवून भागत नाही. पाठीमागच्याही पाहाव्या लागतात.

दुसरे कारण उष्णतेचे आहे, आणि ते वारा पडलेला असतानाही चालू राहते. तापलेली हवा हलकी होऊन वर जाते व छपराजवळच्या फटींतून निघून जाते. तिची जागा घेण्यासाठी जमिनीलगतच्या फटींतून थंड हवा आत येते. खोलीत विस्तव जितका मोठा, तितका हा ओघ जोराचा. म्हणूनच थंड प्रदेशात शेगडीसमोर बसलेल्याचे तोंड भाजते आणि पाठ गोठते.

आता ऊब राखणाऱ्या पदार्थांविषयी. शेवाळ, वाळके गवत, लोकर, पिसे या वस्तू ऊब का राखतात? त्या स्वतः उष्ण नसतात. त्यांच्या तंतूंमध्ये अडकून पडलेली हवा हे काम करते. स्थिर हवा ही उष्णतेची फार मंद वाहक आहे. पण तेच शेवाळ भिजले, की हवेची जागा पाणी घेते. आणि पाण्यातून उष्णता हवेच्या वीस पटींहून अधिक सहजतेने वाहून जाते. तेव्हा सामान थोडे असले तरी चालेल, पण ते कोरडे असले पाहिजे.

पहिला निवारा : सुताराविना बांधलेले घर

सोळाव्या शतकाच्या अखेरीस डच व्यापाऱ्यांना हिंदुस्थान व पूर्वेकडील बेटे यांच्याकडे जाण्यासाठी नवा मार्ग हवा होता. दक्षिणेकडील मार्गावर पोर्तुगीजांचा पहारा होता. म्हणून युरोप व आशिया यांच्या उत्तर किनाऱ्याने जाता येईल काय, याचा शोध सुरू झाला. या कथेचा एक धागा आमच्या गोव्याशी जोडलेला आहे. यान हाउखेन फान लिन्सखोतेन नावाचा एक डच तरुण 1583 मध्ये गोव्याच्या आर्चबिशपच्या पदरी चिटणीस म्हणून आला आणि सुमारे पाच वर्षे तेथे राहिला. गोव्यातील बाजार, माणसे, झाडे-फळे आणि पोर्तुगीजांच्या जलमार्गांची माहिती यांचे वर्णन करणारा त्याचा ग्रंथ 1596 मध्ये प्रसिद्ध झाला. हाच लिन्सखोतेन 1594 व 1595 या दोन्ही साली उत्तरेच्या मोहिमांवर गेला होता. मांडवीच्या काठचा उकाडा सोसलेला माणूस पुढे हिमसागरात गेला, ही इतिहासातील मोठी नवलाची गोष्ट होय.

तिसरी मोहीम 1596 मध्ये निघाली. तीत लिन्सखोतेन नव्हता. याकोब फान हेमस्कर्क हा कप्तान व विलेम बॅरेन्ट्स हा मार्गदर्शक असलेले जहाज नोवाया झेम्ल्या या बेटाच्या ईशान्य किनाऱ्याशी ऑगस्टच्या अखेरीस बर्फात पक्के अडकले. जहाजावर 17 माणसे होती. परतीची वाट पुढल्या उन्हाळ्यापर्यंत बंद झाली. त्या बेटावर एकही झाड नाही. परंतु सैबेरियातील नद्यांनी वाहून आणलेले ओंडके समुद्राने किनाऱ्यावर टाकले होते. ते दूरवरून घसरगाडीवर ओढून आणून घर बांधावयाचे ठरले. आणि घर उभारावयाच्या सुमारासच त्यांचा सुतार मरण पावला. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो असा.

उरलेल्या सोळा जणांनी काम सोडले नाही. गेरिट द फेर नावाच्या त्यांच्यातील एकाने रोजनिशी लिहून ठेवली आहे. तो सांगतो की, सुतार करतात त्याप्रमाणे खिळा तोंडात धरला, तर काढताना त्याला बर्फ चिकटलेले असे व ओठाची साल निघून रक्त येई. सांगाडा उभा राहिल्यावर त्यांनी त्यावर गोठलेल्या बर्फाचा एक खांब उभारून आनंद साजरा केला. फळ्या कमी पडल्या तेव्हा त्यांनी आपल्याच जहाजाच्या फळ्या काढून आणल्या. ज्या जहाजाने परत जावयाचे ते तोडणे हा निर्णय सोपा नव्हता. परंतु हिवाळा निभावला तरच परत जाण्याचा प्रश्न, हे त्यांनी ओळखले.

घर सुमारे 7.8 मीटर लांब व 5.5 मीटर रुंद झाले. मधोमध चूल, वर धुराडे, कडेने निजण्याच्या फळ्या. पण भिंतीच्या पायथ्याशी मातीचा बांध घालणे त्यांना जमले नाही. माती दगडासारखी गोठलेली होती. विस्तव पेटवून ती वितळवण्याचा प्रयत्नही फुकट गेला. येथे निसर्गच, एका अर्थाने, मदतीस आला. वादळांनी घराभोवती बर्फाचे ढीग रचले व घर जवळजवळ पुरून टाकले. ताजा बर्फ म्हणजे बहुतांशी अडकलेली हवा. तेव्हा जो शत्रू वाटत होता त्याच्यामुळेच वाऱ्याचा मारा थांबला. तरीही आत, निजण्याच्या फळ्यांवरसुद्धा, दोन बोटे जाडीचे बर्फ साचत असे. आणि घड्याळ गोठून बंद पडल्यामुळे वाळूच्या घटिकापात्रावर काळ मोजावा लागे.

7 डिसेंबरची रात्र

आता आम्ही या लेखातील सर्वांत महत्त्वाच्या प्रसंगाकडे येतो.

डिसेंबरच्या आरंभी थंडी असह्य झाली. 7 डिसेंबर 1596 रोजी या मंडळींनी जहाजावरून दगडी कोळसा आणला व मोठा जाळ केला. ही अमोल ऊब दवडू नये म्हणून त्यांनी दारे घट्ट लावली, धुराडेही बुजवले. एकही फट उरू दिली नाही. सारे जण प्रथमच सुखाने ऊब घेत पडले व पुष्कळ वेळ गप्पा मारीत राहिले.

काही वेळाने एकेकाचे डोके गरगरू लागले. त्यांच्यात एक जण आजारी होता. त्याला प्रथम त्रास जाणवला. उठून उभे राहण्याचेही बळ कोणाच्या अंगी राहिले नाही. तरीही काही जण कसेबसे सरकत धुराड्यापाशी व दारापाशी पोचले. ज्याने दार उघडले तो बर्फावरच मूर्च्छित पडला. त्याच्या तोंडावर शिरका शिंपडून त्याला शुद्धीवर आणावे लागले. बाहेरची तीच कडाक्याची थंड हवा आत आली आणि सर्वांचे प्राण वाचले. इतके दिवस जी त्यांची वैरी होती, तीच त्या रात्री त्यांची तारणहार ठरली.

हे काय झाले असावे, ते त्या काळी कोणास ठाऊक नव्हते. आज आपणास ठाऊक आहे. कोळसा किंवा लाकूड जळण्यास पुरेशी हवा मिळाली नाही, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. आपल्या रक्तातील जे द्रव्य प्राणवायू वाहून नेते, त्याला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्टपणे चिकटतो. परिणामी श्वास चालू असूनही शरीराची प्राणवायूवाचून उपासमार होते. डोके दुखणे, घेरी येणे, मळमळणे, हातापायांतील बळ जाणे ही त्याची लक्षणे. सर्वांत भयंकर गोष्ट अशी की, निजलेल्या माणसाला यांपैकी काहीच कळत नाही.

त्या सोळांपैकी एक जण जानेवारीत वारला. जून 1597 मध्ये उरलेले दोन उघड्या होड्यांतून निघाले. बॅरेन्ट्स वाटेतच, 20 जून रोजी, मरण पावला. 1 नोव्हेंबर 1597 रोजी बारा जण अॅमस्टरडॅमला पोचले. ते घर 1871 मध्ये एका नॉर्वेजियन दर्यावर्दीस सापडले. त्यातील वस्तू आज अॅमस्टरडॅमच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत.

दुसरा निवारा : दोन माणसे आणि वालरसाची कातडी

नॉर्वेचा संशोधक फ्रिट्यॉफ नान्सेन व त्याचा सोबती यालमार योहान्सेन हे मार्च 1895 मध्ये आपले जहाज सोडून उत्तर ध्रुवाकडे चालत निघाले. ध्रुव गाठता आला नाही. परतताना त्यांना फ्रान्झ जोसेफ लँड या बेटसमूहात हिवाळा काढावा लागला. त्यांच्यापाशी ना फळ्या होत्या, ना खिळे. पण अवजारे नाहीत म्हणून ते हातावर हात ठेवून बसले नाहीत. वालरस नावाच्या समुद्रप्राण्याच्या खांद्याचे हाड काठीला बांधून त्यांनी फावडे केले व त्याच्याच सुळ्याची कुदळ केली.

त्यांच्या झोपडीची रचना लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहे. प्रथम त्यांनी सुमारे 3 फूट खोल खड्डा खणला. म्हणजे भिंतीचा निम्मा भाग जमिनीतच गेला व तेथे वाऱ्याचा प्रश्नच उरला नाही. वरची भिंत दगडांची. दगडांतील सांधी शेवाळाने व खडीने भरलेल्या. किनाऱ्यावर सापडलेला एक ओंडका आढे म्हणून घातला, त्यावरून वालरसाची कातडी पसरली व तिच्या कडा दगडांनी दाबल्या. कातडे गोठून फळीसारखे ताठ झाले. दारासाठी त्यांनी जमिनीतून एक बुटका बोळ काढला, त्यावर बर्फ घातले व दोन्ही तोंडांना कातडी लावली.

हा बोळ म्हणजे त्या झोपडीतील सर्वांत शहाणपणाची वस्तू, असे आम्हांस वाटते. थंड हवा जड असल्यामुळे खाली राहते. तेव्हा वाट खालून असली म्हणजे आतली ऊब वरच्या वर टिकते. शिवाय दोन पडद्यांमुळे एक उघडला असता दुसरा बंद राहतो. धुराडे त्यांनी बर्फाचेच केले होते. ते उष्णतेने वितळे व पुन्हा बांधावे लागे. पण त्यांनी ते बुजवून टाकले नाही. चरबीच्या दिव्यांनी आतली हवा मध्यभागी पाणी गोठण्याच्या बिंदूच्या आसपास राहत असे. एवढ्याशा उबेत दोघांनी हिवाळा काढला, आणि 1896 च्या मे महिन्यात ते धडधाकट बाहेर पडले.

तिसरा निवारा : दोन होड्यांचे छप्पर

सर अर्नेस्ट शॅकल्टन यांचे जहाज दक्षिण ध्रुवाच्या समुद्रात 1915 मध्ये बर्फाने चिरडले गेले. 1916 च्या एप्रिलमध्ये त्यांची 28 माणसे एलिफंट नावाच्या निर्जन बेटावर पोचली. मदत आणण्यासाठी शॅकल्टन पाच सोबत्यांसह एका होडीतून गेले. मागे फ्रँक वाइल्ड यांच्या हाताखाली 22 जण राहिले.

या मंडळींनी सुमारे 4 फूट उंचीच्या दगडी भिंती रचल्या आणि उरलेल्या दोन होड्या पालथ्या करून वर ठेवल्या. घर झाले, पण अपुरे. पहिल्याच वादळात एकूण एक सांधीतून बर्फाची भुकटी आत आली व निजलेल्या माणसांवर पडली. तेव्हा त्यांनी तंबूंचे कापड भिंतींभोवती बाहेरून ताणले. दाराच्या जागीही कापडच. बिस्किटांच्या पेटीतील पत्र्याचे धुराडे झाले. एका ठिकाणी काचेचा लहानसा तुकडा बसवून उजेडाची सोय केली.

येथे एक तत्त्व स्पष्ट होते. कापड ऊब राखत नाही, पण वारा अडवते. शेवाळ वारा अडवत नाही, पण ऊब राखते. तेव्हा वारा अडवणारा पदर बाहेरून आणि ऊब राखणारा थर आतून, अशी दोहोंची जोडी हवी. आमच्या कोंकणातील शेतकरी पावसात घोंगडीवर इरले घेतो तेव्हा नेमके हेच करतो. इरले धार अडवते, घोंगडी अंग उबदार ठेवते.

या ओबडधोबड घराची खरी कसोटी जूनमध्ये लागली. पर्स ब्लॅकबरो या तरुण खलाशाच्या पायाची बोटे हिमदंशाने सडली होती. ती कापून टाकण्यावाचून गत्यंतर नव्हते. भूल देण्यासाठी डॉक्टरांपाशी थोडे क्लोरोफॉर्म होते. परंतु क्लोरोफॉर्मची वाफ व्हावयास ऊब लागते. गारठलेल्या हवेत ते काम देत नाही. जाळ वाढवून झोपडी तापवण्यात आली आणि 15 जून रोजी शस्त्रक्रिया पार पडली. भिंतीतून वारा वाहत राहिला असता, तर कितीही जाळ करून ती ऊब साधली नसती. त्या कापडाने आणि दगडांनी एका तरुणाचा जीव वाचवला, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. 30 ऑगस्ट 1916 रोजी शॅकल्टन मदत घेऊन आले, तेव्हा बावीसच्या बावीस जण जिवंत होते.

कामाचा क्रम

या तिन्ही उदाहरणांवरून, सामान तुटपुंजे असताना वारा कसा अडवावा, याचा क्रम आपणास असा लावता येईल.

1. प्रथम फट शोधावी, मग बुजवावी. सामान थोडे असताना ते नको तेथे खर्च करणे परवडत नाही.

2. वाऱ्याच्या तोंडची बाजू आधी घ्यावी, व तीतही पायथा प्रथम. माती, दगड, बर्फ, जे मिळेल त्याचा बांध भिंतीच्या मुळाशी घालावा.

3. नंतर छप्पर व भिंत जेथे मिळतात तो सांधा पाहावा. ऊब निघून जाण्याची वाट बहुधा तेथे असते.

4. दारास दुहेरी पडदा किंवा आडोसा करावा. दार हलते असल्यामुळे त्याची फट कायमची बुजवता येत नाही.

5. भरावयाचे साहित्य मऊ, कोरडे व दबणारे असावे. ते नेटके बसवावे. पण ठेचून ठेचून त्यातील हवा काढून टाकू नये.

6. आणि अखेरचे, परंतु सर्वांहून महत्त्वाचे: जेथे विस्तव आहे तेथे धुरास बाहेर जाण्याची व ताज्या हवेस आत येण्याची वाट मुद्दाम राखावी. ती वाट आपण नेमलेली असावी. नको तेथून येणारा वारा बंद करावयाचा तो हव्या त्या ठिकाणाहून हवा घेता यावी म्हणून.

हा शेवटचा नियम सुशिक्षितांकडूनही विसरला जातो. अमेरिकेचे अॅडमिरल रिचर्ड बर्ड हे 1934 साली दक्षिण ध्रुवखंडावरील एका लहानशा खोलीत एकटेच हिवाळा काढीत होते. खोली बर्फात पुरलेली, वारा नावाला नाही. परंतु शेगडीच्या नळीचे सांधे सदोष होते आणि हवेच्या वाटा बर्फाने बुजत. त्याच रंगहीन वायूने ते अंथरुणास खिळले. ऑगस्टमध्ये सोबती जाऊन पोचले, तोवर ते अगदी क्षीण झाले होते. बॅरेन्ट्सच्या मंडळींना कारण ठाऊक नव्हते; बर्ड यांना ते ठाऊक असूनही संकट टळले नाही. यावरून हा शत्रू किती छुपा आहे ते समजावे.

आपल्या घरी

आता आपल्याकडे वळू. आमच्या गोव्यात व कोंकणात पावसाळ्यापूर्वी पश्चिमेकडील व नैर्ऋत्येकडील भिंतीला माडाच्या चुडतांचे विणलेले झाप बांधण्याची रीत आहे. कुडाच्या भिंतीला माती व शेण यांचा लेप देतात तो शोभेसाठी नव्हे. काठ्यांमधील सांधी त्याने भरून निघतात. हाताशी असेल त्याच वस्तूने, ज्या बाजूने वारा येतो त्याच बाजूस आधी, हे तत्त्व आमच्या वाडवडिलांनी नान्सेनचे नाव न ऐकताच आचरले होते. आणि त्याच घरांत चुलीचा धूर झरोक्यातून व कौलांच्या सांधींतून बाहेर जाई. वारा अडवणारे ते हात हवेची वाट विसरले नव्हते.

आजची घरे सिमेंटची, दारे घट्ट, खिडक्यांना काचा. फटी कमी झाल्या हे चांगलेच. पण त्यामुळेच धोका वाढला आहे. ग्वाल्हेर, इंदूर या बाजूंस राहणाऱ्या आपल्या बांधवांना हे विशेष सांगावेसे वाटते. कडाक्याच्या थंडीत कोळशाची शेगडी खोलीत घेऊन, दारे-खिडक्या लावून निजण्याचा मोह अनेकांना होतो. धूर दिसत नाही, निखारे लाल आहेत, म्हणून ती निर्धोक वाटते. ती तशी नाही. धूर नसलेल्या निखाऱ्यातूनही तो घातक वायू निघत असतो. निजण्यापूर्वी शेगडी बाहेर ठेवलीच पाहिजे. बंद न्हाणीघरात लावलेल्या गॅसच्या बंबासही हाच नियम लागू आहे. तेथेही हवेचा झरोका उघडा हवा. घरात विस्तव चालू असताना दोघा-तिघांचे डोके एकाच वेळी दुखू लागले, घेरी येऊ लागली, तर क्षणाचाही विलंब न लावता दारे उघडावी, सर्वांनी मोकळ्या हवेत यावे व डॉक्टरांस बोलवावे. थंडी वाजेल म्हणून थांबू नये.

विद्यार्थ्यांसाठी प्रयोग

वाऱ्याच्या दिवशी खोलीची दारे-खिडक्या लावून घ्या, पंखा बंद करा. वडील माणसांच्या देखत एक उदबत्ती पेटवा व पडदे, कागद यांपासून जपून ती दाराच्या व खिडकीच्या कडेने सावकाश फिरवा. धूर सरळ वर जात असेल तेथे फट नाही. तो आतल्या बाजूस वाकला तर वारा आत येत आहे. फटीकडे ओढला गेला तर आतली हवा बाहेर जात आहे. खोलीचा आराखडा काढून या जागा बाणांनी दाखवा. वाऱ्याच्या बाजूस व उलट बाजूस बाणांच्या दिशा निरनिराळ्या येतात काय, ते पाहा. मग प्रत्येक फटीची लांबी व रुंदी मोजून त्यांच्या क्षेत्रफळांची बेरीज करा, आणि तेवढ्या आकाराचा एक कागद कापून भिंतीवर लावा. आपल्या घरात केवढे भोक आहे हे पाहून घरची मंडळी थक्क होतील!

हे झाल्यावर आराखड्यावर आणखी एक खूण करावी. स्वयंपाकघरात व न्हाणीघरात, जेथे विस्तव पेटतो, तेथे हवेला ये-जा करण्यास कोणती वाट आहे ते शोधून ती तांबड्या शाईने दाखवावी. अशी वाट सापडली नाही, तर त्याच दिवशी ती गोष्ट आईवडिलांच्या कानी घालावी. सोळा खलाशांनी हा धडा जिवावर बेतल्यावर शिकला. आपणास तो वाचून शिकता येतो. विद्येचा एवढा उपयोग आपल्या घरी झाला, तरी या लेखाचे श्रम सार्थकी लागले असे आम्ही समजू.